उभे झाड हलवायचे कोणी? एका दुर्मीळ कसबाचा इतिहास

दिग्रस, जिल्हा यवतमाळ. अरुणावतीच्या खोऱ्यातील हा काळ्या जमिनीचा तालुका. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा २८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग या गावावरूनच आखलेला आहे. लोहमार्ग येतो, रस्ता रुंद होतो, जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहते, आणि या प्रत्येक कामाच्या मध्ये कोणते तरी जुने कडुनिंब वा चिंच उभी असते. तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तोडू नका, उचलून दुसरीकडे लावा.’

वाक्य सोपे आहे. पुढचा प्रश्न अवघड आहे : उचलायचे कोणी?

गावात विहीर खणणारा मिळतो, बोअर मारणारा मिळतो, जेसीबीवाला एका फोनवर येतो. क्रेन तासाच्या भाड्याने मिळते. रोपवाटिकेचा मालक रोपांचा जाणकार असतो, मात्र त्याचे ज्ञान साधारणपणे पिशवीत मावणाऱ्या झाडापुरते असते. माळी आळे करतो, पाणी देतो. यांतील प्रत्येकाला कामाचा एकेक तुकडा येतो. सबंध झाड, त्याचे आधीचे वर्ष आणि नंतरची वर्षे, यांची जबाबदारी घेणारा माणूस सहसा या यादीत नसतो. हा माणूस इतिहासात कधी होता का, असल्यास कुठे होता आणि आपल्याकडे तो का घडला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात उज्जैनजवळ करावी लागते. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ रचली. ग्रंथ मुख्यतः ज्योतिषाचा; पण त्यात ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लागवड, अंतर, खत, झाडांचे रोग यांबरोबरच झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा विधीही तिथे येतो. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा आणि मग झाड हलवावे, असे तो सांगतो.

लेपाची यादी वाचून हसू येण्याआधी त्याच अध्यायातील इतर सूचना पाहाव्यात. फांद्या न फुटलेली झाडे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगले जाड खोड असलेली झाडे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. झाडाची जी बाजू ज्या दिशेला होती, ती नव्या जागीही त्याच दिशेला ठेवावी. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारापेक्षा कमी नको. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, थंडीत एक दिवसाआड, पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा.

दिशेची खूण आजचे काळजीवाहू वृक्षतज्ज्ञही खोडावर रंगाने करून ठेवतात. सावलीत वाढलेली साल एकदम पश्चिमेच्या उन्हाला सामोरी गेली तर भाजते. पाण्याच्या वेळापत्रकाबद्दल तर बोलायलाच नको. चौदाशे वर्षांपूर्वी श्लोकात बसवलेली ही बाब कंत्राटाच्या कागदातून आज अनेकदा गळालेली दिसते.

जगात याहूनही जुना पुरावा इजिप्तचा आहे. इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकात राणी हात्शेप्सुतने पुंत देशाकडे जहाजे पाठवली. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर त्या सफरीची शिल्पे आहेत : सुगंधी डिंकाची झाडे मुळांसकट करंड्यांत ठेवलेली, करंड्या दांड्यांना टांगलेल्या आणि माणसांच्या खांद्यांवर. एकतीस झाडांचा उल्लेख तेथील लेखात येतो. झाडे फार मोठी नव्हती, पण मुळांची माती न सोडता न्यायचे हे तंत्र तेव्हाच पक्के झाले होते. आपल्याकडील रोपवाटिकेच्या बोलीत या मातीच्या गोळ्याला ‘हुंडी’ म्हणतात. हुंडी फुटली की रोप गेले, हे कोणताही माळी सांगतो.

मोठ्या झाडांची हौस खरी सुरू झाली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात. मार्ली येथील राजवाड्याभोवती राजाला अरण्य हवे होते आणि ते ताबडतोब हवे होते. कोंपिएन्यच्या वनातून आणि त्याहूनही दुरून वाढलेली झाडे गाड्यांवर घालून आणली गेली. दरबारी सरदार सँ-सिमाँ याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक झाडे मेली आणि त्यांच्या जागी लगेच दुसरी आणून उभी करण्यात आली. राजाला अरण्य दिसत राहिले. मेलेल्या झाडांचा हिशेब द्यायला कोणी बांधील नव्हते.

हे चित्र ब्रिटनमध्ये बदलले. स्कॉटलंडमधील अॅलंटनचा जमीनदार सर हेन्री स्टुअर्ट याने आपल्याच जमिनीवर वर्षानुवर्षे मोठी झाडे हलवण्याचे प्रयोग केले आणि १८२८ च्या सुमारास त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याची वाखाणणी केली. स्टुअर्टचे म्हणणे तेव्हाच्या रूढीविरुद्ध होते. झाड हलवताना त्याच्या फांद्या छाटून खांब करू नये, असे तो बजावत असे. जे झाड हलवायचे ते दाट वनातून न निवडता वारा-ऊन सोसत मोकळ्यावर वाढलेले निवडावे. अशा झाडाची साल जाड, खोड बसके आणि मुळांचा पसारा भरपूर असतो. म्हणजे पहिले कौशल्य उचलण्याचे नाही, नकार देण्याचे : कोणते झाड हलवू नये, हे सांगण्याचे.

पण स्टुअर्ट हा स्वतःच मालक होता. मजुरी घेऊन दुसऱ्याचे झाड हलवणारा माणूस पुढच्या पिढीत दिसतो. त्याचे नाव विल्यम बॅरन.

बॅरन १८३० साली डर्बीशायरमधील एल्व्हास्टन येथे हॅरिंग्टनच्या उमरावाकडे मुख्य माळी म्हणून आला. उमरावाला जुनी बाग नको होती, जुनी दिसणारी नवी बाग हवी होती. बॅरनने दूरदूरच्या ठिकाणांहून मोठमोठे ‘यू’ वृक्ष आणून तिथे रुजवले. या उमरावाने बागेचे दरवाजे पाहुण्यांना जवळजवळ बंदच ठेवले होते. १८५१ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावरच लोकांना ती पाहता आली. माळ्याला वीस वर्षे मिळाली, तीही ‘झाले का?’ असे रोज विचारणाऱ्यांविना. कदाचित त्याच्या यशाचे हेच निम्मे कारण असावे.

पुढे बॅरनने स्वतःची रोपवाटिका काढली आणि वृक्ष हलवण्याचे काम बाहेरूनही घेऊ लागला. त्यातील सर्वांत प्रसिद्ध काम १८८० सालचे. डोव्हरजवळील बकलंड येथे चर्चची इमारत वाढवायची होती आणि वाटेत हजारएक वर्षांचा मानला जाणारा, विजेने फाटलेला यू उभा होता. बॅरन तेव्हा सत्तरीत होता. त्याने झाडाभोवती खोल चर खणवला, मुळांखाली एकेक करून लाकडी तुळया सरकवल्या, माती फळ्यांनी आणि साखळदंडांनी बांधली आणि तो सगळा डोलारा ओंडक्यांच्या रुळांवरून, रहाटासारख्या यंत्रांनी ओढत नव्या जागी नेला. अंतर जेमतेम साठ फूट. वजन पन्नास टनांच्या पलीकडे. ते झाड आजही जिवंत आहे.

साठ फूट आणि पन्नास टन. या दोन आकड्यांपाशी जरा थांबले पाहिजे, कारण दिग्रसच्या कडुनिंबाचे गणित इथूनच समजते.

वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ नियम असा : हुंडीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या दहा ते बारा पट हवा. साठ सेंटिमीटर व्यासाचे खोड घेऊ, म्हणजे घेर सहा फुटांच्या आसपास. गावोगावच्या पारांवर असे झाड सहज दिसते. त्याची हुंडी सहा मीटर रुंद हवी. खोली एक मीटर धरली तरी अठ्ठावीस घनमीटर माती झाली. घनमीटरला दीड टनाहून थोडे अधिक वजन धरले, तर नुसती माती पंचेचाळीस टनांच्या घरात जाते. झाड वेगळेच.

तालुक्याच्या गावी भाड्याने मिळणारी ‘हायड्रा’ क्रेन साधारणपणे बारा ते पंधरा टनांची असते, आणि तेही ओझे जवळ धरले तर. मग काय होते? हुंडी क्रेनच्या मापाची केली जाते. दोन मीटर रुंद, एक मीटर खोल, पाच टन. झाडाला हवी होती त्याच्या नवव्या हिश्शाची माती त्याच्यासोबत जाते. उरलेली मुळे जेसीबीच्या दातांनी फाटून जागेवरच राहतात. मुळे एवढी कमी झाल्यावर पानांचा भार झेपणार नाही, म्हणून फांद्या साफ छाटल्या जातात. शेवटी ट्रकवर चढतो तो एक उभा ओंडका. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्याला झाड वाचल्याचे समाधान मात्र मिळते.

झाडाची मुळे खोल पाताळात गेलेली असतात, ही समजूतही इथे घातक ठरते. पाणी आणि अन्न शोषणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि पानोळ्याच्या सावलीबाहेरपर्यंत पसरलेली असतात. खोडालगत असतात ती जाड मुळे; ती झाडाला उभे धरतात, पण पाणी पिण्याचे काम त्यांचे फारसे नव्हे. खोडाजवळून कापलेल्या हुंडीत त्यामुळे खांब येतो, तोंड येत नाही.

यावर उपाय जुना आणि ठाऊक असलेला आहे. हलवण्याच्या वर्षभर आधी, मोठ्या झाडाच्या बाबतीत दोन वर्षे आधी, ठरलेल्या हुंडीच्या कडेने चर खणायचा; तोही एकदम सबंध न खणता, आधी अर्धा घेर, काही महिन्यांनी उरलेला. चरात कसदार माती आणि शेणखत भरायचे. कापलेल्या टोकांना नवी तंतुमुळे फुटतात आणि हुंडीच्या आतच दाटी करतात. मग झाड उचलले की तोंड सोबत जाते. गोणपाट, सुतळी, क्रेन हे सगळे त्यानंतरचे.

यवतमाळच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते; बोटभर नव्हे, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी हुंडी बांधायला गेले तर ती ढेकळांत विस्कटते. पावसाळ्यात तीच माती फुगून लोण्यासारखी होते. हुंडी धरते, पण क्रेन शेताच्या बांधावरच रुतून बसते. वराहमिहिराने जाड खोडाच्या झाडांसाठी पावसाळ्याचा आरंभ सांगितला तो योग्यच आहे. पण त्याच्या काळी पंधरा टनांचे यंत्र चिखलातून न्यायचे नव्हते. पहिल्या पावसानंतर माती ओलावलेली पण अजून गाळ न झालेली, असे मोजके दिवस मिळतात. ते दिवस कंत्राटदाराच्या सोयीने येत नाहीत.

जातीचाही प्रश्न आहे. वड, पिंपळ, उंबर ही एका कुळातली झाडे. त्यांच्या फांद्या रोवल्या तरी फुटतात, म्हणून ती पुष्कळ अत्याचार सहन करतात. मोह, साग, जुना आंबा, बाभूळ यांची गोष्ट वेगळी. वर्तमानपत्रात जगलेल्या पुनर्रोपित झाडाचे छायाचित्र येते तेव्हा ते बहुधा वडाचे वा पिंपळाचे असते. त्यावरून मोहाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे.

आता महाराष्ट्राकडे. जुन्या मराठी राज्यकारभारात झाड हलवण्याचा विचार दिसत नाही, पण न तोडण्याचा दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी प्रसिद्ध सूचना आहेत. आंबा-फणस गलबतांच्या कामाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. झाडाची किंमत तिथे काळात मोजलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्याने दोन कायदे केले. एक १९६४ चा, झाडे तोडण्याचे नियमन करणारा; दुसरा १९७५ चा, शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा. दिग्रसला नगरपरिषद असल्याने गावातल्या झाडाला दुसरा कायदा लागू होतो : वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, परवानगी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणजे वारसा-वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. आज्ञापत्रातील काळाचा हिशेब तीनशे वर्षांनी कायद्यात उतरला असे म्हणता येईल.

तरीही परवानगीच्या कागदावर ‘पुनर्रोपण’ हा शब्द सोयीचा ठरला. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ या तिसऱ्या मेट्रो मार्गाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ५ मे २०१७ रोजी उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवरील स्थगिती उठवली, मात्र झाडांबाबत दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवण्यासाठी न्यायमूर्तींची समिती नेमली. झाडे हलवली गेली आणि त्यांतील कितीतरी वाळत असल्याच्या तक्रारी पुढची काही वर्षे येत राहिल्या. दोन न्यायमूर्तींनी झाडांच्या पाण्याची चौकशी करावी, अशी वेळ यावी यातच या व्यवस्थेचे सारे वर्णन आले.

आरे वसाहतीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडांच्या पुनर्रोपणास मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. तोडायला तीन दिवस पुरले. ४६१ च्या यादीतील झाडांना किती वर्षांची देखभाल लागणार होती, याची चर्चा त्या गदारोळात फारशी झालीच नाही.

या अनुभवातून कंत्राटाचे स्वरूपच बदलण्याचा प्रयत्न दिल्लीने केला. तेथील २०२० च्या धोरणानुसार प्रकल्पाच्या आड येणाऱ्या झाडांपैकी किमान ८० टक्के झाडे हलवायची, त्यांपैकी ८० टक्के वर्षभरानंतर जिवंत असली पाहिजेत, आणि नसल्यास संस्थेच्या देयकात कपात. कागदावर ही कल्पना फार चांगली आहे. पैसे उचलण्याचे नव्हे, जगवण्याचे. पण २०२२ मध्ये दिल्ली सरकारने उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या काही वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली होती. म्हणजे तीनातले एक. मार्लीच्या राजापेक्षा थोडे बरे, एवढेच.

वर्षभराची मुदतही फसवी आहे. छाटलेल्या ओंडक्याला पहिल्या पावसात पालवी फुटते, ती खोडात साठवलेल्या अन्नावर. पाहणीला आलेला अधिकारी हिरवे पाहतो, ‘जिवंत’ असे नोंदवतो, देयक निघते. साठा संपतो तो दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात. समशीतोष्ण देशांत खोडाच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष, असा सावरण्याचा अंदाज धरतात. आपल्या उष्ण हवेत तो कमी भरतो, तरी सहा फूट घेराच्या झाडाला एक वर्ष म्हणजे काहीच नाही.

याउलट सांगली जिल्ह्यातील भोसे येथे, मिरज तालुक्यात, २०२० साली झाडाऐवजी रस्ता हलला. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा मंदिराजवळचा, चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष येत होता. गावकरी आणि वृक्षप्रेमी एकवटले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले आणि आखणी बदलली. तो वड २०२२ मध्ये कोसळला. खोड जागेवर राखले म्हणजे मुळांचा परीघ राखला असे होत नाही. हुंडीचे गणित उभ्या झाडालाही लागू पडते. भोवतालची माती खणली, दाबली, भरावाखाली गेली, तर झाड न हलताच हलवल्यासारखे होते.

सातारा जिल्ह्यात अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई या उपक्रमाने पुनर्रोपणाची कामे हाती घेतली. २०२३ च्या मार्चमध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर तासवडे परिसरात झाडे हलवताना मधमाश्यांनी त्यांच्यावर हल्ला केला, ही बातमी महाराष्ट्रभर गाजली. बातमी माश्यांची झाली, पण तीत एक मुद्दा दडलेला होता : जुने झाड म्हणजे एकटे खोड नसते. पोळी, घरटी, ढोली, सालीतले किडे, मुळांवरची बुरशी असा सारा संसार त्यावर असतो. क्रेनची साखळी त्यांतल्या एकालाच बांधता येते.

दिग्रसमध्ये उद्या एखादे कडुनिंब खरोखरच वाचवायचे ठरले, तर कामाचा क्रम फारसा गूढ नाही. आधी जाणकाराने झाड पाहून ‘हे हलवू नये’ असे म्हणण्याची मुभा हवी. हलवायचे ठरलेच, तर या पावसाळ्यात अर्धा चर, पुढच्या थंडीत उरलेला अर्धा, त्यानंतरच्या मृगात उचल, त्याच दिवशी नवा खड्डा तयार, दिशेची खूण जुळवलेली, आधाराच्या तारा ताणलेल्या आणि निदान तीन उन्हाळे टँकरचे पाणी. मजुरीचे हप्तेही याच क्रमाने : थोडे चराला, थोडे उचलीला, मोठा वाटा तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या हिरव्या पानाला. एकाच माणसाच्या नावे, एकाच कागदावर.

रस्त्याची निविदा मात्र साधारणपणे हिवाळ्यात निघते आणि काम पावसाळ्याआधी संपवायचे असते. झाड मोकळे करून देण्याचे पत्र वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येते तेव्हा काळी माती भेगाळू लागलेली असते, आणि त्या पत्रात दिवस दिलेले असतात पंधरा.